मिस्त्रींनी मागितलेला अर्धा तास

मधल्या सुट्टीत मी मुलांना सुकडी वाटत होते, तेव्हा शाळेचे शिपाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, गेनू मिस्त्री गेले. सकाळी गॅरेजातच, बसल्या बसल्या..." पुढचं पोर ताटली धरून उभं होतं. त्याला वाढलं, त्याच्या मागच्याला वाढलं, रांग संपवली. मग रिकाम्या वर्गात जाऊन दार लोटून घेतलं, आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. त्या दिवशीचं माहीत असलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, असा तो विचार होता. या गोष्टीला महिना होऊन गेला. पण त्या क्षणी मला जे सुटल्यासारखं वाटलं, त्याची लाज अजून जात नाही.

मिस्त्रींचं गॅरेज नगरात आमच्या घराच्या कोपऱ्यावरच. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. माणूस कर्जतकडचा, माझ्याच माहेरच्या तालुक्यातला, त्यामुळे मला 'आमच्या गावच्या बाई' म्हणायचे. माझे यजमान, शमुवेल, नोकरीसाठी गावोगाव फिरत. त्यासाठी त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली होती. तिची नाडी मिस्त्रींनाच ठाऊक. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी यजमान कर्जतला निघाले होते. माझे वडील तिकडे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं औषध नगरहून पोचवायचं होतं. औषधाची पिशवी घरीच विसरली म्हणून मी ती घेऊन गॅरेजपर्यंत धावत गेले, तर गाडी स्टँडवर चढवलेली आणि हे विचारत होते, "मिस्त्री, गियर टाकून चाक हलवलं की खट्ट वाजतं. काही सुटलंय का?"

मिस्त्रींनी उकिडवं बसून मागचं चाक हाताने पुढे ढकललं, मागे ओढलं. दोन्हीकडे बोटभर फिरून ते अडलं. ते हसले. "सायब, ह्यो प्ले असायलाच पायजे. चेनला जरा जागा लागती. पार आवळली तर तुटंल की ती." मग त्यांनी चाक वरून आणि खालून धरलं आणि आडवं हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. हसू गेलं. "मागं-फुडं हललं तर चालतं, पर आडवं हलाया नको. मला जराशी शंका येती. अर्धा तास द्या, चाक खोलून बेरिंग बघतो."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आल्यावर बघा मिस्त्री. दुपारच्या आत औषध पोचायला हवं." मिस्त्रींनी चाकावरचा हात काढला. मग खिशातून गाडीची चावी काढून त्यांनी यजमानांच्या हातावर ठेवली.

मिरजगावच्या अलीकडे गाडी घसरली. मागून ट्रक येत होता... हे जागच्या जागी गेले. चाक इतकं मुडपलं होतं, की बेरिंग आधी गेलं की नंतर, हे कोणालाच सांगता येईना. आजही येत नाही. वडील त्यानंतर दीड वर्ष जगले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "गाडी मी तपासली आन् मीच सोडली." माझे दीर, दावीद, चौथ्या दिवशी गॅरेजात गेले आणि चार माणसांसमोर त्यांनी मिस्त्रींच्या मुस्काटात मारली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. मिस्त्रींनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत आले, पण 'आल्यावर बघा' हे माझं वाक्य त्यात कधी घातलं नाही.

पुढे मिस्त्री विचित्रच वागू लागले. साधं पंक्चर काढायला आलेली गाडीसुद्धा दोन्ही चाकं खोलल्याशिवाय सोडीनात. कोणी घाई केली, की चावी मुठीत घट्ट धरून म्हणायचे, "न्हाई. बसा." गिऱ्हाइकं भांडली, मग तुटली. शाळेतून येताना दिसायचे, रिकाम्या शेडमध्ये एकटेच एखादं चाक आडवं हलवत, कान लावून ऐकत. दीड वर्षापूर्वी, वडिलांना पुरून आल्यावर, मी धीर करून आत गेले. म्हणाले, "मिस्त्री, घाई मी केली होती. मी लोकांना सांगते." त्यांनी मान वर केली नाही. "बाई, घाई सगळ्यांनाच आसती. चावी माज्या खिशात हुती. मी द्यायची न्हाई हुती." मग जरा थांबून म्हणाले, "जावा, तुमची पोरगी शाळंतून आली आसंल." आणि मी गेले. इतक्या सहज गेले...

मिस्त्रींच्या दहाव्यानंतर मी त्यांच्या पत्नीला, भीमाबाईंना, भेटले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय. मी तवा च्या घिऊन दारातच हुते." मला बसवेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत, भीमाबाई? लोक त्यांना काय काय म्हणत होते!" त्या म्हणाल्या, "म्यां लई भांडले. तर त्यांनी शपथ घातली. म्हनले, तिला ह्याच गल्लीत पोर वाढवायचीय. लोकं तिला जगू द्याची न्हाईत. माजं काय, मी मिस्त्री, मला बोलनी खायची सवं हाय."

त्याच्या पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे चर्चमधून दीर माझ्याकडे आले, तेव्हा चहा पुढे ठेवून मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. अर्धा तास, औषध, माझं वाक्य, सगळं. ते मला बोलतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "वहिनी, मी त्यांना मारलं होतं."

चहा तसाच ठेवून ते उठले. त्यानंतर ते आलेले नाहीत.