स्प्रिंग नसलेलं घड्याळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी, की यातलं कळणाऱ्या कुणीतरी माझी चूक दाखवावी...

मी नाशिकला, सिडकोत राहतो. जुनी खिशातली घड्याळं उघडून दुरुस्त करायचा छंद आहे. हे घडलं तेव्हा वडिलांचं, अप्पांचं घड्याळ टेबलावर उघडं होतं. तुटलेली मेन स्प्रिंग काढून मी डबीत ठेवली होती. म्हणजे घड्याळाला चालवणारं आत काही उरलंच नव्हतं.

अप्पांना विसरण्याचा आजार. एक दिवस सकाळी कोपऱ्यावर दाढीला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. पोलीस चौकी, सिव्हिल हॉस्पिटल, घाट, बसस्टँड — सगळं पालथं घातलं, फोन नंबरसकट त्यांचा फोटो व्हॉट्सअपवर फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. बायको, वंदना, म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." मी टेबलाशी बसलो आणि रडायलाच लागलो. "अप्पा, कुठे आहात हो?"

...आणि घड्याळ टिकटिकायला लागलं.

धक्का लागला तर आतलं चाक थोडे हेलकावे खातं, मलाही ठाऊक आहे. पण हे थांबेचना! वंदना धावत आली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, स्प्रिंगच नाहीये?"

मी डबी उघडली. स्प्रिंग तिथेच होती. टिकटिक चालूच.

तेवढ्यात फोन वाजला. पिंपळगाव बसवंतचा, हायवेवरचा कुणी चहावाला.

"व्हॉट्सअपवर फोटो पाह्यला. तुमचे बाबा हितं हायेत. आत्ता हायवेच्या मधोमध चालत व्हते, कंटेनर अंगावर येत व्हता. मी लय वरडलो, पण ऐकतच नव्हते. मंग एकदम थबकले, कानाला हात लावला अन् माघारी फिरले. म्हणत्यात, माझं घड्याळ चालू झालं, पोरगा बोलावतोय."

मी टेबलाकडे पाहिलं. घड्याळ थांबलं होतं.

अप्पांना आणताना गाडीत विचारलं, "घड्याळ ऐकू आलं का तुम्हाला?" ते खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

जाणकारांना विचारून झालं. नवी स्प्रिंग बसवून मी घड्याळ चालू केलं. अप्पा आता फारसे बोलत नाहीत. रोज मी ते त्यांच्या कानाशी धरतो, एकदा तरी ओळख पटेल म्हणून...

काल ते हसले. माझा हात हळूच बाजूला करत म्हणाले, "छान आहे हो. तुमच्या वडिलांचं का?"