असले कपडे घेणार नाही

चामड्याच्या चपला मी सोडल्या त्याला बरीच वर्षं झाली. माहेरच्या गोठ्यातला म्हातारा बैल मेला, तेव्हा त्याचं कातडं सोलताना मी पाहिलं होतं. पुन्हा कातडं पायात घालणं जमलं नाही. कळंबच्या बाजारात रेक्झिनच्या चपला मिळतात, त्या घेते. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं; उन्हाळ्यात पाय भाजून निघायचे, पण मनाला बरं वाटायचं.

ते बरं वाटणं भाचीनं मोडलं, तेही नकळत. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बारावी झाल्यावर पुण्याकडं कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली होती. दिवाळीला परंड्याला घरी आली, तेव्हा मला भेटायला कळंबलाही आली. जेवताना तिला मान वळवता येईना.

"बाह्या जोडायचं काम हाय मावशी, मान खालीच असती," ती म्हणाली. "पाणीबी कमीच पिते. सारखं उठलं की सुपरवायझर वरडतो."

मग तिनं हसत माझ्या कुर्त्याची शिवण चाचपली. "असलेच शिवतो आमी."

तो कुर्ता एकावर एक फुकट म्हणून आणलेला. मी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "आजपासून असले कपडे घेणार नाही."

तिचं हसू मावळलं. "समद्यांनीच सोडलं तर आमाला कामावर कोण ठेवंल?"

तरी मी सोडलं. चपलांकडंही नीट बघवेना. त्या कुणी चिकटवल्या असतील, कसल्या वासात बसून, कोण जाणे. पण चामड्याकडं परत वळायलाही मन घेईना. घालत राहिले.

उन्हाळ्यात कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि निम्म्या पोरींना घरी पाठवलं. त्यात तीही होती. माझ्या एका कुर्त्यानं कारखाना बंद पडत नाही, हे मला कळतं. तरी तिनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा आधी तो कुर्ताच आठवला.

बहिणीनं लगेच स्थळं बघायला घेतली. मी परंड्याला गेले. "वर्षभर थांब की," म्हणाले.

"कमावत व्हती तवर आमी गप व्हतो. आता पाव्हणे बघून गेलेत, त्यांना काय सांगू?"

"माझ्याकडं राहू दे तिला."

"आन् मग?" बहीण म्हणाली. 

निघताना भाची बसस्टँडवर सोडायला आली. "कुठं शिलाईचं काम असलं तर बघा मावशी. कसलंबी चालंल."

चौकशी करत बार्शीपर्यंत गेले. पत्र्याची शेड, कोपऱ्यात एक पंखा, मशिनींवर वाकलेल्या पोरी. बाहेर पडावंसं वाटलं. पण मालकापुढं हात जोडून मीच म्हणाले, "आमच्या पोरीला घ्या हो. हात चांगलाय तिचा." त्यानं पुढच्या महिन्यात बघू म्हणून सांगितलं.

त्याआधीच लग्न लागलं.

आता ती अधूनमधून फोन करते. सासरची माणसं चांगली आहेत, जाच नाही. परवा म्हणाली, "समदं बरं हाय मावशी. पण इथं मशीन न्हाय. दुपारी करमतच न्हाय बघा."