अक्काने ठेवून घेतलेली गादी

आमच्या कचरा केंद्रावर कोणी गादी घेऊन आलं की सुमनअक्का हातातलं काम ठेवायची आणि विचारायची, "कोन गयं, भाऊ?" आमच्या धुळ्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. पूर्वी नदीकाठी टाकत, आता केंद्रावर आणून देतात. अक्का गेलेल्याचं नाव विचारायची, गादीला हात जोडायची आणि मग शिवण उसवायला बसायची. कापूस एकीकडे, खोळ एकीकडे.

आम्ही बायका ओला-सुका कचरा निवडायचो, पण त्या गाद्यांना हात लावत नव्हतो. शोभा एकदा म्हणाली, "अक्का, भूत लागेल एखादं."

"भूतले कचरा निवडता येस का? येत व्हई ते उद्यापासून कामवर ठेवू."

अक्का मूळची शिरपूरकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. केंद्र तीच सांभाळायची आणि मागच्या खोलीत राहायची. भावाकडे राहायला जायचं तिला नको होतं. कोणी फुटकी काच उघडी टाकली की त्याला हाक मारून परत बोलवायची. "दादा, आठे कचरामा हात घालनारी पन कोनी माय शे." माझ्याच्याने असं कोणाला बोलवत नसे. मी मागे उभी राहून ऐकायची.

एका सकाळी कॉलनीतले एक गृहस्थ मोटारसायकलवर गादी बांधून आले. अक्काने नेहमीचं विचारलं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "गेलं नाही कोणी. वडील दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणाले आता आशा नाही. पाहुणे येतील, म्हणून घर आवरतोय."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "आबा बरा व्हईसन घर उनात ते कशावर झोपतीन?"

"येणार नाहीत हो ते."

"मंग आबा गयात का तव्हय आना."

त्यांनी गादी फाटकापाशी उतरवली आणि गाडी चालू करून गेले.

ती गादी अक्काने उसवली नाही. केळीच्या रिकाम्या क्रेटवर ठेवून वर प्लास्टिक टाकलं. पाहणीला आलेल्या साहेबांना ती दिसली. ते म्हणाले, "इथे आलेली वस्तू परत बाहेर द्यायची नाही, माहीत आहे ना? पुन्हा सांगणार नाही." अक्का "हो साहेब" म्हणाली आणि गादी तशीच राहू दिली.

आबा वाचले. घंटागाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, "घरी आणलंय म्हाताऱ्याला. ओट्यावर सतरंजीवर पडलाय." अक्काने वाट पाहिली, गादी न्यायला कोणी आलं नाही. शेवटी आम्ही दोघींनी ती हातगाडीवर टाकली.

दारात आबांची सून होती. "कचऱ्यातली गादी नको आमच्याकडे," ती हळू आवाजात म्हणाली. अक्का ओट्यावर गेली, गादी पसरली. आम्ही आबांना दोन्हीकडून धरून वर घेतलं. अंगात नुसती हाडं. त्यांनी गादीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही कुठे होती?"

सून खाली बघायला लागली.

"उनमा टाकेल व्हती, आबा. कापूस दमट व्हयेल व्हता," अक्काने सांगितलं.

"बरं केलं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या त्याच मुलाने तक्रार केली, आजारी माणसाजवळ कचऱ्यातली गादी आणून टाकली म्हणून. साहेबांनी अक्काला विचारलं, "केंद्रावर ती आणली कोणी?" मी बोलायला तोंड उघडलं तर अक्काने माझा हात दाबला.

"मालूम नई, साहेब. मन्हीच चूक शे."

तिचं काम गेलं, त्याबरोबर खोलीही. ती गाठोडं बांधत होती तेव्हा मी म्हणाले, "त्या मुलाचं नाव सांगितलं असतं तर राहिली असतीस इथे."

"साहेब इचाराले त्या घर जाता," अक्का म्हणाली. "मंग आबाले समजी जातं, आपलं अंथरून जितेपनी बाहेर निंघनं. त्यासले त्याच घरमा ऱ्हानं शे, माय."

शिरपूरच्या बसमध्ये मी तिला बसवून दिलं. भावाला तिने फोन केला होता, पण न्यायला कोणी येणार का ते तिला माहीत नव्हतं.

परत येताना आबांच्या ओट्यासमोरून आले. ते गादीवर बसून चहा पीत होते. मला ओळखून त्यांनी हाक मारली.

"तुमच्या अक्काला सांग, गादी चांगली सुकली."

"सांगते, आबा," मी म्हणाले.