सगळ्यात धाकट्याचं मत

अख्ख्या खान्देशात शेवभाजी तिखट लागली तर तिलाही आपली बाजू मांडायची संधी देईल असा माणूस एकच होता, आणि तो माझ्या नशिबी साहेब म्हणून आला. मूळचे सावद्याचे, घरच्या केळीच्या बागा. वडिलांची इच्छा मुलानं बागा पाहाव्यात, तर मुलगा वकील झाला आणि सैन्यात गेला. सैन्यात वकिलाचं काय काम, असं सावद्यात बरीच वर्षं विचारलं जात होतं. काम भरपूर होतं. सैन्याची स्वतःची न्यायालयं असतात, आणि जवान जम्मूत असो की आसामात, त्याच्या मागोमाग शिस्तभंगाची कलमं घेऊन कोणालातरी जावं लागतं. तसे साहेब गेले. कर्नल होऊन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातून शत्रूचा एकही माणूस मेलेला नव्हता. आपले मात्र बरेच सुटले होते. मग केळीकडे परत जायचं सोडून ते धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात करारावर विधी अधिकारी झाले. त्याच महिन्यात मी तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. मी रोज चाळीसगावहून पॅसेंजरनं यायचे आणि गाडीला उशीर झाला तर धापा टाकत सही करायचे.

पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं, आरोप वाचून दाखवला, तो मला समजला का हे विचारलं, आणि बचावासाठी कोणी हवं आहे का अशी चौकशी केली. मी घाबरून हेडक्लार्क नानांकडे बोट केलं. नानांनी बाजू मांडली, "साहेब, गाडी लेट व्हती." साहेबांनी स्टेशनला फोन करून खात्री केली आणि मला निर्दोष सोडलं. यात पाऊण तास गेला, पण त्यानंतर मला कधी खोटं कारण सांगावंसं वाटलं नाही. घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. त्या म्हणायच्या, "यांच्याशी भांडायचं तर आदल्या दिवशी लेखी कळवावं लागतं. दुसऱ्या दिवसापर्यंत मी विसरते, म्हणून संसार टिकला."

पण त्यांचं खरं दैवत म्हणजे लष्करी न्यायालयातली एक चाल. निकालाच्या वेळी मत सगळ्यात धाकट्यानं आधी द्यायचं आणि सगळ्यात मोठ्यानं शेवटी, म्हणजे वरिष्ठाचं तोंड पाहून कोणी मत देत नाही. बहुमत होईल तो निकाल, आणि कोणी काय मत दिलं हे बाहेर सांगायचं नाही, तशी शपथच असते. ही चाल साहेबांनी घरी लावली. घरात सगळ्यात धाकटी चार वर्षांची नात. तिच्या मताविरुद्ध जायची कोणाची छाती होत नसे, त्यामुळे त्यांच्या दिवाणखान्याच्या पडद्यांवर तीन वर्षं हत्ती होते. कर्नल त्या हत्तींखाली बसून पेपर वाचत आणि कोणी हसलं तर म्हणत, "निकाल एकमताचा आहे."

कार्यालयात आम्ही चौघं. साहेब, नाना, एक विधी सहायक आणि मी. वरून मत मागायला फाईल आली की साहेब दार लावून घेत आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळत. माझं वय पाहता हे फार होतं. मी दोनेक महिन्यांत एक युक्ती शोधून काढली. फाईलवर खालच्या लोकांनी जे लिहिलं असेल तेच आपलं मत म्हणून सांगायचं. सरकारी नोकरीत यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

अशात शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाची फाईल आली. एका विधवा बाईनं जंगलातल्या दोन एकरांवर वनहक्काचा दावा केला होता. जुन्या वहिवाटीचा पुरावा नाही, म्हणून खाली तो फेटाळला होता. आमचं मतही तसंच गेलं तर ती जमीन तिच्या हातून कायमची जाणार होती. साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "फेटाळावा." विधी सहायकानं मान डोलावली, नानांनी डोलावली. साहेबांचं मत शेवटी आलं, "मान्य करावा." तीन विरुद्ध एक. खुर्ची त्यांची, सही त्यांची, पण नियमही त्यांचाच, आणि तो त्यांना मोडता येईना. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले.

मग मला म्हणाले, "फाईल वाचली होती?"

"पाहिली होती, साहेब."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "निकाल एकदा फेरविचाराला पाठवता येतो. फक्त एकदा. उद्या सकाळी निघू."

नानांना हे पटलं नाही. चिडले की ते अहिराणीवर येत. "साहेब, आपलं काम मत देवानं शे, गावेगाव फिरानं नही." साहेबांनी हा आक्षेप लिहून घेतला आणि नानांना पुढच्या सीटवर बसवलं. गाडी त्यांची स्वतःची होती.

बाई शेतातच भेटली. साहेबांनी तिला नमस्कार केला, आम्ही कोण ते सांगितलं, दावा का फेटाळला ते सोप्या शब्दांत समजावलं, आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा." "माले आजपावत कोनी इचारंच नही, भाऊ," ती म्हणाली. मग तिनं सासऱ्यानं घातलेला बांध दाखवला, खणलेली विहीर दाखवली, आणि शेवटी घरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद आणला. सासऱ्याला फार पूर्वी आलेली, अतिक्रमण काढून टाकण्याची नोटीस. भीतीपोटी तिनं ती आजवर कोणाला दाखवली नव्हती. साहेबांनी ती दोनदा वाचली. "ताई, जो नव्हताच त्याला कोणी जा म्हणत नाही. हाच पुरावा." नानांनी चष्मा पुसला आणि नोटीस स्वतःच्या हातानं उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दार लागलं. मी आदल्या संध्याकाळी पॅसेंजरमध्ये फाईल पहिल्या पानापासून वाचली होती. मी म्हटलं, "मान्य करावा." बाकीच्या दोघांनीही तेच म्हटलं. साहेबांनी सही केली आणि चहा मागवला.

ते वर्ष संपलं तेव्हा साहेबांचा करार पुढे वाढवला गेला नाही. पत्रात कारण नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याची बाजू ऐकून घेतली, पण स्वतःसाठी त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मला त्याचा फार राग आला. टेबल आवरून, सगळ्यांशी हात मिळवून ते सावद्याला निघून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी ती बाई कार्यालयात आली. जमिनीचा पट्टा मिळाला होता, तो साहेबांना दाखवायचा होता. साहेब नाहीत कळल्यावर तिनं तो मला दाखवला आणि माझ्या टेबलावर चारोळीची एक पुरचुंडी ठेवली. "तुम्ही आमना गावले उनात, म्हनीसन झायं, बेटा." आम्ही गावाला आलो म्हणून हे झालं, असं ती म्हणत होती, आणि मी पुरचुंडीची गाठ चाचपत होते.

रविवारी मी ती चारोळी घेऊन सावद्याला गेले. साहेब बागेच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, थोडे वाळल्यासारखे वाटले. पट्ट्याचं सांगितलं तर त्यांनी पूर्ण दोन एकर मिळाले का ते विचारून घेतलं. मग मी म्हटलं, "साहेब, पहिल्या वेळी तिची जमीन घालवायला मीच निघाले होते. तिला हे सांगायला हवं होतं."

"सांगता येणार नाही," साहेब म्हणाले. "कोणी काय मत दिलं ते बाहेर बोलायचं नसतं. मी तर तुमच्या अक्कालाही सांगितलेलं नाही." आणि त्यांनी चारोळीचे दोन सारखे भाग करून एक माझ्या हातात दिला.

तो भाग चाळीसगावला आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवरच्या डब्यात आहे. सणावाराला खीर होते, आई चारोळी मागते, आणि मी दुकानातून नवी आणून देते.