गिटारींच्या तळाशी

अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाला की पहिला सूर लागण्याआधी एक जाड घुमणं ऐकू येतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद पडलेल्या गाळ्यात मी ते दर रविवारी ऐकत असे. तापलेल्या धुळीचा वास, बाहेरून येणारा रसायनांचा आंबूस दर्प आणि मध्यभागी मान खाली घालून उभा असलेला तो, बँडचा गायक. गिटार गळ्यात, पायाशी आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग.

“याला शूगेझ म्हणतात. बुटांकडे टक लावून वाजवायचं संगीत,” माझ्या शेजारी राहणाऱ्या, बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या बेसवाल्याने मला समजावलं होतं. मी गायकाच्या पायांकडे पाहिलं. तो अनवाणी होता. मला वाटतं, माझ्या संशयाची सुरुवात तिथूनच झाली.

तो मच्छीमार वस्तीतला. दिवसा रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी, रविवारी बँड. त्यांना मराठी गाणी हवी होती आणि मी मराठी शिकवते, कविता लिहिते, एवढ्यावर बेसवाल्याने मला तिथे नेलं. पहिली कविता मी त्यांच्यासाठीच लिहिली : खाडीच्या तोंडाशी कंदील धरून उभ्या असलेल्या बाईची. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, “आनखी द्या, मॅडम.”

मी दिल्या. छापायला निघालेल्या संग्रहातून दहा कविता काढून दिल्या. कवीला हे किती जड जातं, ते तुम्हाला ठाऊक असेल. आता त्या जगणार होत्या त्या फक्त त्याच्या गळ्यात.

पण गळा ऐकू तर यायला हवा! गिटारी एकावर एक चढत जात, त्यांची भिंत उभी राही आणि तिच्या तळाशी त्याचा आवाज धुक्यातल्या होडीसारखा पुसट सरके. मी विचारी, “अरे, शब्द कुठे आहेत?”

“आत हायेत, मॅडम.”

“मला ऐकू येत नाहीत.”

“ऐकायचे नसतात. आत असले म्हंजे झालं.”

पहिला अल्बम इंटरनेटवर आला. ‘गीत’ या शब्दापुढे माझं नाव होतं. मुंबईतल्या एका कॅफेत तरुण मुलंमुली डोळे मिटून डुलली, कुणीतरी माझ्याजवळ येऊन “काय लिहिलंय तुम्ही!” असं म्हणालं. काय ऐकलंस, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. घरी इअरफोन लावून मी माझ्याच ओळी शोधत बसे. दुसऱ्या अल्बममधल्या चौथ्या गाण्यात एकदा मला स्पष्ट ‘कंदील’ ऐकू आला. त्या गाण्यासाठी मी दिलेली कविता चिंचेच्या झाडावरची होती.

“भास झाला असंल,” तो पेडलचा खटका दाबत म्हणाला. माझ्याकडे न पाहता. मी ड्रमरला विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, मी त्याच्या मागे बसतो. मला फक्त त्याची पाठ ऐकू येते.”

मग एडवणला बेसवाल्याच्या बहिणीची हळद आली. संध्याकाळी मांडवात ब्रास बँडच्या आधी यांनी तीन गाणी वाजवायची, असं ठरलं. बायका थोडा वेळ सोसत राहिल्या, मग एकीने साउंडवाल्याला हाक दिली, “ए भाऊ, गानारा उपाशी हाय का? आवाज चढव त्याचा!”

हळदीत गाणाऱ्याचाच आवाज वर असतो. साउंडवाल्याला दुसरी रीत माहीतच नव्हती. त्याने गिटारी खाली ओढल्या, माइक वर नेला. भिंत कोसळली आणि त्याचा आवाज मांडवात उघडा उभा राहिला. माझी कंदिलाची कविता, तिथून शेवटपर्यंत, एकेक अक्षर नीट. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरं गाणं सुरू झालं. चाल वेगळी, ताल वेगळा. शब्द तेच.

तिसऱ्यालाही तेच.

“अरे मेल्या,” नवरीची मावशी हळदीच्या हातांनी टाळी देत ओरडली, “कंदील तर मगाशीच लावला ना! किती वेळा लावशील?”

मांडव हसला. तो मात्र डोळे मिटून शेवटची ओळ पुरी करत राहिला. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. दोन अल्बम, अकरा गाणी. आणि माझ्या दहा कविता कुणाच्याही ओठावर न येता नाहीशा झालेल्या.

पुढे बँड फार टिकला नाही. बेसवाल्याची बदली झाली, ड्रमरचं लग्न झालं, गाळ्यात दुसराच कारखाना आला. तो गुजरातमधल्या एका बंदरावर नोकरीला गेला. जाण्याआधी भेटायला आला, तेव्हा त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती. “आयनं दिलेत.”

मी पिशवी घेतली नाही. आधी विचारलं, “बाकीच्या कविता आवडल्या नाहीत का?”

“चांगल्याच असतील.” मग तो म्हणाला, “बाबांची होडी आली नाय, तेव्हा आय अशीच उभी होती. कंदील घेऊन. तुमाला कुनी सांगितलं होतं?”

मला कुणीच सांगितलं नव्हतं. हेही खरं कशावरून, असं मनात आलंच. त्याच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवावा, हे मला कधी कळलं नव्हतं. म्हणून मी त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून विचारलं, “इतकी वर्षं तीच एक कविता गाताना कधी कंटाळा आला नाही?”

आजूबाजूला एकही गिटार नव्हती. तो म्हणाला,

“नाय.”