ह्यांचं पोट आणि वैशाखाचा मुहूर्त

लग्न झालं तेव्हा आमच्या ह्यांना पोट नव्हतं. ते पुढे आलं, हळूहळू, ठाण्याच्या कचेरीतल्या खुर्चीवर बसून आणि माझ्या हातचं खाऊन. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता. नौपाड्यातल्या आमच्या आळीत हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "विश्रामरावांना तुमच्या हातचं मानवतं हो," आणि मी इश्श म्हणून खाली बघायची. माझ्या लेखी ते पोट म्हणजे मी विणलेला स्वेटर होता. भरगच्च, आणि चारचौघांत घालून मिरवण्यासारखा.

या स्वेटराची वीण उसवली ती सरोजच्या साखरपुड्यात.

सरोज माझी नणंद. सासरे गेले तेव्हा ती मॅट्रिकला होती, सासूबाई त्याआधीच गेलेल्या. ह्यांनी तिला शिकवलं, ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंत लग्नाची राहिली. तीन स्थळं आली आणि तिन्ही तिनेच नाकारली. एकाचं नाक, एकाची आई, आणि तिसऱ्याने विचारलं होतं की लग्नानंतर तुम्ही वर्तमानपत्र वाचणार का. पण हे घरात ठाऊक. बाहेर लोकांना दिसायचं ते एवढंच, की बहीण कमावती आहे, भाऊ तिचं लग्न करत नाही आणि भावाचं पोट सुटत चाललंय. तिचा पगार घरभाड्यात जात होता हेही खोटं नव्हतं.

चौथं स्थळ कल्याणचं. मुलगा सुधीर, रेल्वेत नोकरीला, शांत, बोलताना खालच्या मानेने हसणारा. सरोजने हो म्हटलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. साखरपुड्याला मुलाचे काका आले होते. जाडजूड माणूस, खर्जातला आवाज. पेढा तोंडात टाकून त्यांनी ह्यांच्या पोटावर चापटी मारली. अशी चापटी, की बाजारात कलिंगड घेताना मारावी.

"मुलीला उशीर झाला खरा," ते म्हणाले, "पण भाऊ तेवढ्यात चांगला पोसला गेला. बहिणीची कमाई अंगी लागली म्हणायची!"

सगळे हसले. हेही हसले. पण पाहुणे गेल्यावर हे कोट न काढता तसेच खुर्चीवर बसून राहिले. मी कॉफी नेली तर म्हणाले, "अगं, कन्यादानाला मुकटा नेसून उघड्या अंगाने बसायचं ना?"

"मग काय कोट घालून बसणार?"

"सगळं कल्याण समोर असणार." त्यांनी पोटाकडे पाहिलं. "हे घेऊन मी सरोजचा हात त्यांच्या हातात देऊ? बघा हो, हिचा पगार इथे ठेवलाय, असं दाखवत?"

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. ह्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मुहूर्त वैशाखातला होता. दुसऱ्याच दिवशी हे कचेरीतून एका व्यायामाच्या मासिकाचा जुना अंक घेऊन आले. त्यात एका माणसाचं चित्र होतं. त्याच्या पोटावर स्नायूंच्या जोड्या एकाखाली एक अशा बसवलेल्या, जशा मी डब्यात शंकरपाळे लावते. ह्यांनी ठरवलं, नुसतं पोट घालवायचं नाही, हे असं करायचं. मांसल माणूस सपाट झाला तर लोक म्हणतील आजारी होता. पण पोटावर स्नायू दिसले तर म्हणतील, हा कष्टाचं खातो.

प्रश्न एवढाच होता की याला दिवस किती लागतात. मासिक म्हणत होतं तीन महिने. तालमीतल्या वस्तादाने ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वैशाख या वर्षीचा का?" वैद्यबुवांनी काढा दिला. कचेरीतल्या हेडक्लार्कनी सांगितलं, चाळिशीनंतर होतच नाही, आणि समाधानाने पान लावलं.

शेवटी ह्यांनी धाकूला विचारायचं ठरवलं. आमच्याकडे कळव्याची गोदा सुकट आणि मीठ विकायला यायची. गोणी जड असली की तिचा नवरा धाकू बरोबर असायचा. मिठागरावर काम करणारा, कमरेवर उघडा. त्याच्या पोटावर मासिकातल्यासारखेच चौकोन होते, मिठागरातल्या वाफ्यांसारखे आखलेले. हे ओट्यावर उकिडवे बसून त्या पोटाकडे टक लावून बघू लागले.

"धाकू, किती दिवस लागले रे?"

"कनाला?"

"असं पोट व्हायला."

धाकूने मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदा कुणी विचारावं तसा चेहरा. उत्तर गोदाने दिलं.

"त्याचा कौतिक नको सांगू, दादा. मना लाज वाटतं. लोका बोलतान, गोदा मानसाला जेवाला घालत नाय. तुमचा पोट कसा, बघून वाटतं घरान बायको हाय!"

मी दाराआडून एकदम ताठ झाले. हे मात्र हिरमुसून आत आले.

व्यायाम सुरू झाला. सकाळी तलावपाळीला फेऱ्या, मग मागच्या खोलीत सूर्यनमस्कार, आणि सगळ्यांत शेवटी तो प्रकार, ज्यात उताणं पडून हात डोक्यामागे घेऊन उठून बसायचं. त्यात पाय वर यायचे. म्हणून ह्यांच्या पावलांवर बसायचं काम माझ्याकडे आलं. मला रिकामं बसवत नाही, तेव्हा मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. हे खालून धापा टाकत यायचे, माझ्या सुपाशी नाक आणायचे आणि परत आडवे व्हायचे.

"अगं, नीट बस ना. पाय उचलतायत. तुला वजनच नाही."

या वाक्याने मी दिवसभर खूश असायची.

खाण्याचं मात्र वेगळं होतं. मी म्हटलं, कमी वाढते. हे म्हणाले, नाही. मासिकात लिहिलं होतं की समोर असलेलं न खाणं हाच खरा संयम. तेव्हा ताट नेहमीसारखं भरून वाढायचं आणि त्यातलं अर्धं ह्यांनी ठेवून उठायचं. हे एक भाकरी, पालेभाजी आणि ताक एवढंच घ्यायचे आणि बाकीच्याकडे, म्हणजे तूपभाताकडे, तळलेल्या बोंबलाकडे, वालाच्या बिरड्याकडे, अशा नजरेने बघायचे की ऋषींनी अप्सरेकडे पाहावं. मग हात धुवायचे.

आमच्यात बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. माझ्या आईने तेच केलं, मीही पहिल्या दिवसापासून तेच करत आले. आधी त्या ताटात कोकमाचं साल आणि काटे उरायचे. आता अख्खा संसार उरू लागला. दिवस रेशनचे. तांदळाचा दाणा टाकायचा म्हणजे पाप, आणि तेही ह्यांनी संयमाने पवित्र केलेला दाणा. मी ते खायची. मग माझ्या वाटणीचं पातेल्यात असायचं. ते कोण खाणार? तेही मीच खायची. मनात म्हणायची, त्यांच्या व्रताला माझा हातभार.

सरोज एकदा समोर वह्या तपासत बसली होती. म्हणाली, "वहिनी, व्रत दादाचं आणि पारणं तुझं?"

"तुला काय कळतं? टाकू का मग?"

"टाकू नकोस. पण बोंबील मला दे."

"तू नवरी आहेस. तळलेलं खाल्लंस तर तोंडावर पुटकुळ्या येतील," मी म्हटलं आणि बोंबील खाल्ला.

फाल्गुनात ह्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या सैल झाल्या. चैत्रात एका सकाळी हे ओरडतच स्वयंपाकघरात आले. "दिसतायत! चल, बघ!" ते बघायला खिडकीपाशी एका विशिष्ट जागी उभं राहावं लागे, ऊन डावीकडून तिरपं यावं लागे आणि ह्यांनी श्वास आत घेऊन बोलायचं नसे. मी पाहिलं. पोटावर दोन पुसट रेघा होत्या, घडी करून ठेवलेल्या धोतरावर असतात तशा.

"दिसतंय?" हे श्वास कोंडूनच म्हणाले.

"दिसतंय हो!"

त्या दिवशी व्यायाम करताना हे फार खुशीत होते. "आता पाय अजिबात हलत नाहीत बघ. पोटात ताकद आली की पाय आपोआप खाली राहतात." मीही सुपात तोंड घालून हो म्हटलं. पाय का हलत नाहीत, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते कासाराने सांगितलं. लग्नाआधी चुडा भरायला कासार घरी आला. माझं माप त्याला वर्षानुवर्षं पाठ. त्याने हात दाबला, पुन्हा दाबला, तेल लावलं, आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "वहिनी, आता वरचं माप काढतो. सुखाचं अंग आहे." मग मी आत जाऊन शालूवरचं पोलकं घालून पाहिलं. हुक आणि काजं एकमेकांना लांबून नुसती बघत होती.

मी पलंगावर बसले. कन्यादानाला हे एकटे बसणार नव्हते. शेजारी मी बसणार होते. ह्यांनी चार महिने घाम गाळून बहिणीचा पगार पोटावरून उतरवला होता आणि मी तो उचलून माझ्या अंगावर चढवला होता. सगळं कल्याण समोर असणार होतं.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. हे स्वतःच्या पावलांकडे बघून म्हणाले, "तरीच पाय हलत नव्हते!" आणि पोट धरून हसले. ते पोट आता धरण्याइतकंही उरलं नव्हतं.

पोलक्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या. मी आठ दिवस उपास केले. काही झालं नाही.

लग्नाच्या दिवशी हे मुकटा नेसून, खांद्यावर उपरणं टाकून पाटावर बसले. आणि तेव्हा लक्षात आलं की मांडी घालून बसलं की कुणाच्याही पोटाला वळी पडते. ह्यांच्या दोन रेघा त्या वळीत गडप झाल्या. मग हे पाठ ताठ करून, श्वास कोंडून बसू लागले. भटजी म्हणाले, "यजमान, श्वास सोडा. संकल्प म्हणायचाय." हे संकल्प म्हणत आणि पुन्हा श्वास कोंडत. चेहरा लाल झाला. लोकांना वाटलं, बहीण जाणार म्हणून भरून आलंय. ह्यांनी सरोजचा हात सुधीरच्या हातात दिला, मी वरून पाण्याची धार धरली आणि विधी झाला. आम्ही उठून उभे राहिलो.

काका पुढे आले. ह्यांनी श्वास आत घेतला.

"वा विश्रामराव, पोट गेलं की!"

"गेलं," हे कसंबसं म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोलक्याच्या पट्ट्यांकडेही पाहिलं असावं. "गेलं कुठे! वहिनींकडे मुक्कामाला गेलंय. म्हणजे बहिणीची कमाई घरातच राहिली!"

मांडव हसला. ह्यांचा श्वास सुटला आणि खांदेही पडले. मला त्या पट्ट्यांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"काका," मुंडावळ्यांच्या आतून आवाज आला. सरोज वर्गात बोलायची तसं बोलत होती, मोठ्याने नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "दादाच्या ताटात उरलेलं वहिनी खाते. टाकवत नाही म्हणून. माझ्या पगारावर फुगायची असती तर पाच वर्षांपूर्वीच फुगली असती. आणि आधीची तीन स्थळं मी नाकारली, दादाने नाही. तुमचंही नाकारणार होते."

कुणी हसेना. भटजी पळीने उगाच पाणी ढवळू लागले.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग हे एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन विचारून गेले, वर्तमानपत्र कुठलं वाचता म्हणून."

सुधीर खालच्या मानेने हसला. कानापर्यंत लाल झाला होता. पहिल्यांदा बायका हसल्या, मग पुरुष, आणि शेवटी काका, तेच सर्वांत मोठ्याने. पण पुढच्या सगळ्या विधींत त्यांनी ह्यांना 'विश्रामराव' न म्हणता 'व्याहीबुवा' म्हटलं, आणि हात पोटापासून लांब ठेवला.

जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी हात धुणाऱ्यांना पाणी देत होते. काका आणि हे शेजारी शेजारी उभे होते. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खर्जातला आवाज आणखी खाली नेला.

"व्याहीबुवा, खरं सांगा. किती दिवस लागले हो?"

"कशाला?"

"याला." त्यांनी ह्यांच्या पोटाकडे बोट केलं. "मार्गशीर्षात आमच्या मुलीचं आहे. मलाही उघडंच बसायचंय. तुमच्याकडचे शंभर डोळे असतील."

हे फुलले. नमस्कार, तलावाच्या फेऱ्या, पावलांवर कुणीतरी बसणं, ताट भरून घेऊन अर्धं ठेवणं, सगळं सांगितलं. साडेचार महिने, म्हणाले, पण ऊन डावीकडून हवं. काका एकेक गोष्ट मान डोलावून ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, मोजमाप घेतल्यासारखं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाही जमायचं," ते पंच्याला हात पुसत म्हणाले. "आमची ही फार अशक्त आहे. तिला एवढं खाणं झेपायचं नाही."