उलट्या आगगाडीचे टपाल तिकीट

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर पुन्हा चौकीत जावे लागेल असे वाटले नव्हते, तेही जपानमध्ये. त्सुनामीला दोन वर्षे झाली होती. मी टोकियोत, निशी-कसाईला मुलीकडे राहत होतो. शेजारची एक मराठी सून टपाल तिकिटांच्या दुकानात अर्धवेळ काम करायची. एका दुपारी ती दारात आली.

"काका, चौकीत बोलावलंय. चोरीचा संशय आहे माझ्यावर. तुम्ही सोबत याल?"

तक्रार दुकानदाराची होती. ईशान्य किनाऱ्यावरच्या एका वृद्धाने जुन्या अमेरिकन तिकिटांचा आल्बम किंमत ठरवायला दिला होता. त्सुनामीत त्याचे घर वाहून गेले होते. चिखलातून एवढेच हाती लागले होते. त्यातले सर्वांत दुर्मिळ तिकीट, लाल चौकटीत आगगाडी चुकून उलटी छापलेले, त्याच्या यादीत होते, पण पानावर नव्हते. आणि पाने साफ करायचे काम हिच्याकडे.

वाटेतच माझी उलटतपासणी मनात तयार झाली. चावी कोणाकडे? घरी अडचण काय? चौकीतल्या तरुण पोलिसाने मात्र तिला आधी खुर्ची दिली. मग वही उघडून म्हणाला, "पहिल्या दिवसापासून काय काय केलंत, सावकाश सांगा."

ती त्याला जपानीत सांगे, मला मराठीत. पाने सुटी केली, चिखल झाडला, एक साधे तिकीट जरा जाड लागले...

"थांब," मी म्हणालो. "जाड म्हणजे?"

"दोन कागदांसारखं. मागे पानाचा तुकडा असेल असं वाटलं."

तिने हे जपानीत सांगताच पोलिसाने दुकानदाराला फोन केला. डिंक सैल व्हावा म्हणून दुकानदाराने ते तिकीट ओला स्पंज घातलेल्या बंद डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन तिकिटे अलगद सुटली. मागच्यावर आगगाडी उलटी होती. समुद्राच्या पाण्याने डिंक ओला होऊन ते तिथे चिकटले होते. मूळ डिंक गेल्याने किंमत बरीच उतरली, असे दुकानदार म्हणाला. त्याने तिची माफी मागितली. तो वृद्ध स्वतः आला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. ती तेव्हा रडली.

मी त्या पोलिसाचे आभार मानले. "मी तर फक्त विचारलं," तो म्हणाला.

चौतीस वर्षे माझा पहिला प्रश्न असे, "कुठे लपवलंस?" त्याला घाबरून किती निरपराध माणसे गप्प झाली असतील, कोण जाणे. उशिरा का होईना, एका परक्या चौकीने मला ऐकायला शिकवले, याबद्दल मी कृतज्ञ आहे.